नववी ब, हजेरी क्रमांक तेवीस

"पीटीच्या मास्तरनं मारलंय तिला. लिहून घ्या भाऊसाहेब," आप्पासाहेब अंधारात कुजबुजला. त्याची कुजबुज पुढच्या तीन रांगांना नीट ऐकू गेली.

"त्यांनी नाही," शामकांत म्हणाला.

"मंग त्यो वाळूच्या डंपरवाला."

"तोही नाही. ग्रंथपाल."

पडद्यावर तेव्हा ग्रंथपाल चार मुलांना आपल्या डब्यातल्या शंकरपाळ्या वाटत होता. त्यांची पाचवी मैत्रीण, अनन्या, स्नेहसंमेलनाच्या संध्याकाळपासून बेपत्ता होती आणि पोलिसांना जे सुचत नव्हतं ते या चौघांना सुचत होतं. ग्रंथपाल त्यांना जुनी वर्तमानपत्रं काढून देत होता, पाठीवर हात फिरवत होता. सिनेमा सुरू होऊन वीस मिनिटं झाली होती.

"आवो, त्यो तर पोरान्ला मदत करतुय."

"म्हणूनच. कुणी सांगितलेलं नसताना करतोय."

"गप बसा की दोघंबी," पलीकडून बनुबाई म्हणाली. बनुबाई म्हणजे आप्पासाहेबची बायको. "तुमचं ते घंटीचं येऊन जाईल अन् कळायचं बी न्हाई."

आप्पासाहेब प्रवरेकाठच्या एका हायस्कुलात शिपाई होता आणि या सिनेमात अडीच सेकंद होता. घंटा देतो आणि मागे वळून बघतो. वळताना डोळे बारीक कर, असं त्याला सांगितलं होतं, कारण शिपायावर थोडा संशय यायला हवा. त्या अडीच सेकंदांसाठी गावातून दोन जीपगाड्या भरून माणसं नगरला येऊन गेली होती. एसटीच्या पाटीवर आता अहिल्यानगर असतं, कंडक्टरच्या तोंडात मात्र अजून नगर.

शामकांत धर्माधिकारी त्याच हायस्कुलात वरिष्ठ लिपिक. तालुक्यात लिपिकाला कुणी लिपिक म्हणत नाही, भाऊसाहेब म्हणतात. सव्वीस वर्षं खिडकीच्या आत बसून त्याने माणसांचं एक बाड मनात तयार केलं होतं. जो पालक "काही घाई नाही" म्हणतो त्याला दाखला संध्याकाळपर्यंत हवा असतो. जो आधी तब्येतीची चौकशी करतो त्याला जन्मतारीख बदलून हवी असते. जी बाई दारात उभी राहते आणि आत येत नाही, तिच्या मुलीचं लग्न ठरलेलं असतं आणि मुलगी नववीत असते. या बाडापुढे पुण्याहून आलेल्या एका सिनेमाचा ग्रंथपाल काय टिकणार.

सिनेमा वाईट नव्हता, हेही नोंदवायला हवं. नदीवरचं सकाळचं धुकं त्यांनी असं टिपलं होतं की बनुबाई म्हणाली, "ही आपली नदी न्हाईच." बाकाची करकर, नळाचं ठिबकणं, रिकाम्या व्हरांड्यातून वाजणारी चप्पल, सगळं जिथल्या तिथे. मुलं मुलांसारखी बोलत होती. फक्त पुढे काय होणार ते दर वेळी पाच मिनिटं आधी येऊन दारात उभं राहत होतं. पीटीचे सर खोलीत दोर लपवतात. दोर मल्लखांबाचा निघतो. डंपरवाला रात्री शाळेभोवती फिरतो. त्याची मुलगी वसतिगृहात असते. शामकांत मनात एकेक नाव खोडत होता आणि पडद्यावरची मुलं मागाहून तीच नावं खोडत होती.

पण तो खुनी ओळखायला आलाच नव्हता. तो एक कॅटलॉग बघायला आला होता.

वर्गाच्या हजेरीपटाला शाळेत कॅटलॉग म्हणतात. त्यात मुलांची नावं वर्गशिक्षकाने लिहायची, पण शामकांतचं अक्षर छापल्यासारखं असल्यामुळे पहिल्याच वर्षी सगळ्या शिक्षकांनी ते काम गोड बोलून त्याच्या टेबलावर सरकवलं होतं. तेव्हापासून शाळेतल्या प्रत्येक मुलाचं नाव दर जूनमध्ये त्याच्या हाताने लिहिलं जाई. त्याच्या स्वतःच्या मुलीचंही. मैत्रेयी शामकांत धर्माधिकारी, नववी ब, हजेरी क्रमांक तेवीस, साल दोन हजार अठरा-एकोणीस.

त्या ओळीत हजेरीच्या तिरक्या रेघा अकरा ऑगस्टपर्यंत होत्या. अकरा ऑगस्टला शनिवार होता. आदल्या रात्री मैत्रेयीचं अंग कोमट लागत होतं. इंदू, शामकांतची बायको, म्हणाली होती, "उद्या राहू दे तिला घरी." शनिवारी गणिताची चाचणी होती आणि शाळा अर्धाच दिवस. शामकांत म्हणाला होता, "अकरा वाजता तर घरी येईल." ती आली. सोमवारी नगरच्या दवाखान्यात नेलं, डेंग्यू निघाला, गुरुवारी ती गेली. शनिवारी घरी ठेवून काही फरक पडला नसता, असं डॉक्टर म्हणाले होते. डॉक्टरांचं हे वाक्य शामकांतने ऐकलं, पण कुठेच चढवून घेतलं नाही. इंदू त्यावर कधीच काही बोलली नाही. सात वर्षांत दोघांमध्ये भाजी, दूध, वीजबिल, नातेवाइकांची लग्नं सगळं बोलून झालं. शनिवार तेवढा राहिला.

ओळीवर लाल शाईची रेघ त्यानेच मारली होती आणि शेवटच्या रकान्यात "नाव कमी" हे दोन शब्दही त्याचेच. दुसऱ्या कुणाला सांगता आलं असतं. पण वर्गशिक्षिका त्या पानाला हात लावायला तयार नव्हत्या आणि महिनाअखेरीस पट जुळायला हवा होता.

तो कॅटलॉग त्याला जपायचा होता. कपाटात ठेवला तर कुणीही मागायला येईल. घरी नेला तर इंदू उघडेल. शाळेत मुदत संपलेल्या कागदांचा एक गठ्ठा होता, नष्ट करण्यासाठी मंजूर झालेला. मंजूर गठ्ठ्याला कुणी हात लावत नाही, त्याच्यावर पाल चालते तेवढीच. शामकांतने नववी ब त्या गठ्ठ्याच्या तळाशी ठेवला आणि गठ्ठा नष्ट करायचं दर वर्षी पुढे ढकललं. मुख्याध्यापक बदलले, गठ्ठा राहिला. सव्वीस वर्षांच्या नोकरीत त्याने केलेली ही एकमेव हुशारी.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत सिनेमावाले शाळेत शूटिंगला आले. त्यांच्यात अनिमेष नावाचा एक दाढीवाला तरुण होता, कलाविभागातला. त्याला खरे, मळलेले, वाळवी लागलेले कॅटलॉग हवे होते. शामकांत तेव्हा इंदूच्या भाच्याच्या साखरपुड्याला संगमनेरला गेला होता. फोनवर म्हणाला, "आप्पासाहेब, जुने काढून दे काय ते." आप्पासाहेबने विचार केला की जे नष्टच करायचंय ते दिलेलं बरं. सगळा गठ्ठा टेम्पोत चढवून दिला, आणि त्यावर अनिमेषसोबत फोटोही काढून घेतला.

शामकांतने त्यानंतर अनिमेषला सात फोन केले होते. दर वेळी तो "शोधतो काका" म्हणायचा. सिनेमा लागला त्या आठवड्यात मात्र त्यानेच फोन केला. "काका, एक कॅटलॉग सीनमध्ये आहे. इंटरव्हलनंतर. बघाच तुम्ही."

इंटरव्हलनंतर मुलं खिडकीतून शाळेच्या कार्यालयात शिरली. शामकांतचं टेबल, शामकांतची खुर्ची, खुर्चीवरची इंदूने विणलेली गादी. मुलांनी कपाट उघडलं, कॅटलॉग काढला, पानं उलटली. एका मुलीचं बोट नावांवरून खाली सरकत गेलं आणि थांबलं.

एकवीस, बावीस. त्याचंच अक्षर. चोविसावं नावही त्याचंच. मधल्या तेविसाव्या नावावर कागदाची बारीक पट्टी चिकटवून कुणीतरी त्याच्यासारखं अक्षर काढायचा प्रयत्न केला होता: अनन्या. अ चुकला होता. पुढच्या तिरक्या रेघा मात्र खऱ्या होत्या. अकरापर्यंत भरलेल्या. मग लाल रेघ. मग "नाव कमी".

त्याला समजलं. गठ्ठ्यातल्या शेकडो पानांत अनिमेषला अशी ओळ हवी होती जिची हजेरी मध्येच थांबते. त्याने शोधून काढली. काम चोख केलं होतं.

"बगा, गायब झाली तारीख सापडली पोरान्ला," आप्पासाहेब म्हणाला.

शामकांतला वाटलं, आपल्याला आता काहीतरी व्हायला हवं. तो वाट बघत बसला. काहीच झालं नाही. पुढच्या खुर्चीच्या पाठीला च्युइंगम चिकटलं होतं, ते त्याला दिसलं. त्याने फक्त मनात धरलं: सहा सेकंद.

शेवटी ग्रंथपाल पकडला गेला. पाऊस, विहीर, बॅटरीचे झोत, सगळं रीतसर.

"तुमी आदीच बघितल्याला दिसतुय ह्यो," बाहेर आल्यावर आप्पासाहेब जरा रुसूनच म्हणाला. "शिपायावर संशय कुनालाच आला न्हाई. म्या डोळं एवढं बारीक केलं हुतं."

"झोप आल्यासारखं दिसत हुतं," बनुबाई म्हणाली.

परतीच्या बसमध्ये बनुबाईला खिडकीशी डुलकी लागली.   घोडेगाव आलं तसं आप्पासाहेब पुढच्या सीटच्या दांडीकडे बघत म्हणाला, "भाऊसाहेब. ते नववी ब हुतं का वो?"

"हं."

"अठराचं."

"हं."

मैत्रेयीच्या शेवटच्या शनिवारी घंटा त्यानेच दिली होती. तो बराच वेळ हाताची बोटं मोडत राहिला. "गट्टा म्याच चढिवला टेम्पूत," म्हणाला. "तुमी तळाला ठिवल्यालं मला काय ठाव."

"तुला कसं माहीत असणार."

"त्या दाढीवाल्याला जाऊन आणू का? पुण्यात माझा साडू हाय."

"बघू," शामकांत म्हणाला.

सोमवारी मधल्या सुट्टीत त्याने अनिमेषला आठवा फोन केला. या वेळी अनिमेषने "शोधतो" म्हटलं नाही.

"काका, खोटं नाही बोलत. शूटिंग संपल्यावर सगळं सामान गोडाऊनला होतं. पावसाळ्यात तिथे पाणी शिरलं. कागद सगळा लगदा झाला, टाकून दिला. मला वाटलं, तुमचे नष्ट करायचेच होते ना? गठ्ठ्यावर तसं लिहिलं होतं."

"हो, लिहिलं होतं."

"काही महत्त्वाचं होतं का?"

शामकांतने समोरच्या भिंतीवरचं सुविचाराचं फळकूट वाचलं. त्यावर गेल्या महिन्याचाच सुविचार होता.

"त्या पट्टीखालचं नाव," त्याने विचारलं, "खोडलं होतं का तुम्ही?"

"नाही नाही. नुसती वरून चिकटवली होती. खाली नाव तसंच होतं."

"बरं. सिनेमा कधीपर्यंत आहे?"

"नगरला गुरुवारपर्यंत. शुक्रवारी उतरतोय काका, चालला नाही. मोबाईलवरही यायला हवा, पण अजून कुणी घेतलेला नाही. घेतील की नाही, कुणास ठाऊक."

फोन ठेवून शामकांतने नष्ट केलेल्या अभिलेखांची नोंदवही काढली. दर वर्षी पुढे ढकललेल्या ओळीसमोर त्याने तारीख घातली आणि सही केली. शाळेचं दप्तर बऱ्याच दिवसांनी खरं झालं.

म्हणजे ती ओळ आता जगात एकाच ठिकाणी होती, नगरच्या सावेडीतल्या थिएटरात, दिवसातून एकदा, दुपारी, सहा सेकंद. आणि ती त्याने इंदूशिवाय बघितली होती. सोमवार संपला, मंगळवार संपला. घरी इंदू रोजच्यासारखी साडेसातला बातम्या लावायची आणि बघायची नाही. शामकांत रोजच्यासारखा तिच्यासमोर बसायचा. सांगायचं तर शनिवारपासून सांगावं लागणार होतं. न सांगावं तर शुक्रवारी त्या पडद्यावर दुसराच कुठला तरी सिनेमा येणार होता, आणि मग सांगण्यासारखं काही उरणारच नव्हतं. हेच सोपं होतं. सात वर्षं त्याने सोपं तेच केलं होतं.

बुधवारी संध्याकाळी इंदू पोळ्या करत होती. तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला आणि आत गेला नाही. दारात उभ्या राहणाऱ्यांची नोंद त्याच्या बाडात होतीच.

"उद्या नगरला येतेस?"

"कशाला?"

"सिनेमा."

इंदूने पोळी उलटली. सात वर्षांत ती थिएटरात गेली नव्हती. लग्नाच्या हॉलमध्येसुद्धा ती दाराजवळची खुर्ची धरायची.

"आपल्या शाळेतला? तो आप्पासाहेबांचा?"

"हं. त्यात एक कॅटलॉग दाखवलाय."

"मग?"

"माझ्या अक्षरातला."

लाटणं थांबलं नाही. एक पोळी लाटून झाली, तव्यावर पडली, फुगली.

"कुठल्या वर्षाचा?"

"अठरा-एकोणीस."

"नववी ब?"

"हं."

इंदूने पोळी डब्यात ठेवली, वर तूप लावलं, झाकण घातलं. गॅस बंद केला. कणकेचा एक गोळा अजून परातीत होता.

"निळ्या साडीला इस्त्री नाही," ती म्हणाली.

"मी करतो."

गुरुवारी शामकांतने किरकोळ रजा टाकली. कारणाच्या जागी "घरगुती काम" लिहिलं. आप्पासाहेबने अर्ज मुख्याध्यापकांकडे नेला, सही घेऊन आला, आणि स्टँडपर्यंत दोघांना मोटारसायकलवरून एकेक करून सोडलंही. सोडताना इंदूला म्हणाला, "वैनी, माझं डोळं बगा बरं का, घंटी देताना." नंतर आपण काय बोललो ते ध्यानात येऊन त्याने किक मारायला उगीच चार वेळा पाय झाडला.

थिएटरात मोजून अकरा माणसं. कॉलेजची दोन जोडपी, त्यांचा सिनेमाशी संबंध नव्हता. इंदूला कडेची खुर्ची हवी होती, ती मिळाली. धुकं आलं, नदी आली. मुलं हसली, भांडली. ग्रंथपालाने शंकरपाळ्या वाटल्या.

"हाच ना?" इंदू हळूच म्हणाली.

"हो."

"लगेच कळतंय."

आप्पासाहेबने डोळे बारीक केले. खरंच झोप आल्यासारखे दिसत होते. इंटरव्हलला शामकांतने चहाचं विचारलं, ती नको म्हणाली. दिवे पुन्हा गेले. मुलं खिडकीशी आली तसं शामकांतने नुसतं "आता" म्हटलं.

कपाट. कॅटलॉग. बोट खाली सरकत आलं.

सहा सेकंद तो पडद्याकडे बघत नव्हता, तो इंदूकडे बघत होता. तिच्या चष्म्यात पानाचा एक पांढरा चौकोन आला आणि गेला. तिचा चेहरा बातम्या बघताना असायचा तसाच होता.

पडद्यावर मुलं पळू लागली. पाठलागाचं संगीत सुरू झालं, चांगलं होतं.

"अकराला हजर आहे," इंदू म्हणाली.

"हो." मग सात वर्षांनी तो म्हणाला, "मी पाठवलं होतं."

पीटीचे सर मुलांना व्हरांड्यात गाठतात, मुलं ओरडतात, सर म्हणतात, अरे, मी आहे. मागच्या रांगेतल्या जोडप्यांपैकी कुणीतरी हसलं.

"डबा मी भरून दिला होता," इंदू म्हणाली. "अर्धा दिवस शाळा, तरी. पोळी आणि साखरांबा. अंग गरम होतं, ते हाताला लागलं होतं माझ्या. तरी दिला."

 शामकांतने खुर्चीच्या हातावर हात ठेवला. तिथे आधीच तिचा होता. तिने तो काढून घेतला नाही.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "अजून दाखवणार आहेत का ते?"

"नाही. तेवढंच."

"मग चला."

दोघे उठले. दाराशी बॅटरी घेऊन पिकल्या मिशांचा एक माणूस स्टुलावर बसला होता. तो लगबगीने उभा राहिला.

"काय हो साहेब, निघालात? अहो, खरा गुन्हेगार शेवटच्या दहा मिनिटांत कळतो. थांबा की."

"माहीत आहे," शामकांत म्हणाला.

माणसाने मान हलवली आणि इंदूसाठी पायऱ्यांवर बॅटरीचा उजेड धरला. ती एकेक पायरी बघत उतरली. उतरताना तिने शामकांतच्या शर्टाची बाही धरली होती. दार उघडलं तसं बाहेरचं दुपारचं ऊन एकदम डोळ्यांवर आलं. तरी तिने ती लगेच सोडली नाही.